हाताने केलेला निषेधफलक : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मालवण ते वेंगुर्ले या पट्ट्यात दर हिवाळ्यात आम्ही एक कलाप्रकल्प करतो. शाळेतली मुलं, कॉलेजातली पोरं, मासे विकणाऱ्या बायका, निवृत्त गुरुजी, कोणीही यावं. आपल्या किनाऱ्याबद्दल जे खुपतंय ते आपल्या हाताने एका फलकावर लिहावं. शिमग्याच्या आधी हे सगळे फलक गावच्या सभागृहात मांडले जातात, आणि त्यातले काही खऱ्या मोर्चातही जाऊन येतात. मी सव्वीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, आता हेच काम मन लावून करते. फोनवर, बाजारात, एसटीत तेच तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली आहेत.

हे आंदोलन आहे की चित्रकला? मला फक्त कलेत रस आहे.

या. पण फलक करताना एक अट पाळा: तो कोणीतरी तासभर उन्हात, वाऱ्यात, हात वर करून धरणार आहे असं समजूनच करायचा. भिंतीवर टांगायचं चित्र आणि हातात धरायचा फलक या वेगळ्या गोष्टी आहेत. चित्रापाशी माणूस थांबतो, वाकून बघतो. फलक तो चालता चालता बघतो, कधी गाडीतून बघतो, आणि तीन-चार सेकंदांत पुढे जातो. शिवाय फलकामागे माणूस उभा असतो. त्याचा चेहरा, त्याची साडी, त्याचे पाय हे सगळं त्या फलकाचाच भाग होऊन दिसतं. म्हणून मी प्रत्येकाला आधी विचारते, हा फलक कोण धरणार? ते ठरलं की निम्मं काम झालं.

विषय कसा निवडायचा? डोक्यात दहा गोष्टी आहेत.

दहाच्या दहा वहीत लिहा. मग त्यातली कुठली गोष्ट तुमच्या घरात शिरली आहे ते बघा. 'पर्यावरणाचा ऱ्हास' घरात शिरत नाही. विहिरीचं पाणी मचूळ झालं, हे शिरतं. खाडीतल्या वाळूउपशाने बांध खचला, माडाची मुळं उघडी पडली, आजोबांच्या रापणीला, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याला, माणसं मिळेनाशी झाली, हे शिरतं.

एक उदाहरण सविस्तर सांगते, कारण मी स्वतः त्यातून शिकले. मासे विकणाऱ्या एक काकी आमच्याकडे आल्या होत्या. एलईडी दिवे लावून होणाऱ्या मासेमारीबद्दल त्यांना लिहायचं होतं. हे दिवे समुद्रात सोडले की आजूबाजूचे मासळीचे सगळे थवे उजेडाकडे येतात आणि मोठ्या जाळ्यात एकदम उचलले जातात. १० नोव्हेंबर २०१७ ला केंद्र सरकारने त्यावर बंदी घातली, तरी किनाऱ्यावरची तक्रार संपलेली नाही. काकींना हे सगळं तोंडपाठ होतं. त्या बोलत होत्या आणि मी लिहून घेत होते. दीड पान भरलं. त्यातलं एकही वाक्य फलकावर बसेना. शेवटी मी विचारलं, काकी, सकाळी बंदरावर गेल्यावर तुमच्या तोंडून पहिला शब्द काय निघतो? त्या क्षणभर गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "काय निघतलो? 'बांगडो खय गेलो?'"

तोच फलक झाला. आणि त्यांनी पुठ्ठा घेतला नाही. आपली मासळीची रिकामी पाटी पालथी घातली, तळाला आतून-बाहेरून पांढरा रंग दिला आणि त्या गोल तळावर तीन शब्द लिहिले. पाटी ती पाटीच. डोक्यावरची पाटी आणि लिहायची पाटी आपल्या भाषेत एकाच शब्दात बसतात, हे मला इतकी वर्षं मुलांना अक्षरं शिकवूनही सुचलं नव्हतं.

म्हणजे फलक पुठ्ठ्याचाच हवा असं नाही?

नाही. आपल्या कोकणच्या इतिहासात बघा. २० मार्च १९२७ ला महाडला डॉ. आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरचे हजारो लोक चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. ओंजळ हाच त्यांचा फलक होता. मे १९३० मध्ये इथे जवळच शिरोड्याला मिठाचा सत्याग्रह झाला. तिथे मूठभर मीठ पुरलं. वस्तू स्वतःच बोलत असेल तर तिच्यावर कमीत कमी लिहा. तुटलेलं वल्हं, कोरडी कळशी, फाटलेलं जाळं, ज्यात आता काही येत नाही तो डबा. फक्त वस्तू खरी वापरातली हवी. प्रदर्शनासाठी विकत आणलेली नवी टोपली लगेच ओळखू येते.

मजकूर किती शब्दांचा असावा?

तीन ते सात. आठवा शब्द आला की मी विचारते, यातला कुठला शब्द काढला तर अर्थ तसाच राहील? बहुतेक वेळा 'आम्ही', 'सर्व', 'तीव्र' आणि 'जाहीर' हे शब्द निघून जातात आणि कोणाला त्यांची आठवणही येत नाही.

१९६८ मध्ये अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात सफाई कामगारांनी संप केला. त्यांचे दोन सोबती कचऱ्याच्या गाडीच्या यंत्रात चिरडून मेले होते. पगार, कामाचे तास, बिघडलेल्या गाड्या, युनियनची मान्यता, मागण्या भरपूर होत्या. रस्त्यावर उभ्या राहिलेल्या शेकडो कामगारांच्या हातातल्या छापील फलकांवर मात्र एवढंच होतं: मी माणूस आहे. त्यातल्या 'आहे' खाली एक रेघ मारलेली होती. ती रेघ मी मुलांना दरवर्षी फळ्यावर काढून दाखवते. सगळ्या फलकात जोर एकाच ठिकाणी द्यायचा असतो, आणि तो कुठे द्यायचा हे ठरवणं म्हणजेच मांडणी.

मागण्यांची यादी, आकडे, कायद्याची कलमं, तारखा हे सगळं फलकाच्या मागच्या बाजूला बॉलपेनने लिहा. समोरून वाचणाऱ्याला एक वाक्य दिसतं, आणि पत्रकाराने किंवा अधिकाऱ्याने काही विचारलं की धरणाऱ्याला फलक उलटा करून सांगता येतं. पहिल्यांदाच मोर्चात उभ्या राहणाऱ्या मुलींना याचा फार आधार वाटतो.

यमक जुळलंच पाहिजे का?

घोषणेला यमक लागतं, फलकाला लागत नाही. घोषणा गळ्यातून निघते. एकाने अर्धी म्हणायची, बाकीच्यांनी पुरी करायची, म्हणून तिला ठेका हवा. फलक डोळ्याने वाचतात. पालघरच्या किनाऱ्यावरची 'एकच जिद्द, वाढवण बंदर रद्द' ही घोषणा दोन्हीकडे चालते, कारण 'जिद्द' आणि 'रद्द' हे दोन्ही शब्द लहान आहेत, जड आहेत, आणि मागणी त्या दुसऱ्या शब्दातच संपते. अशी जुळणी आपोआप सुचली तर घ्या. ओढूनताणून जुळवलेलं यमक वाचणाऱ्याचं लक्ष दुःखावरून काढून शब्दांवर नेतं.

मालवणीत लिहू की प्रमाण मराठीत?

कोणी वाचावं असं वाटतं? गावातल्या माणसाला काही सांगायचं असेल तर मालवणीत. ओरोसला जिल्हाधिकारी कार्यालयासमोर उभं राहायचं असेल तर प्रमाण मराठीत, कारण तिथला अधिकारी विदर्भातलाही असू शकतो. पण दुःखाचं, रागाचं वाक्य ज्या भाषेत मनात आलं त्याच भाषेत आधी लिहून बघा. 'बांगडा कुठे गेला?' हे मी काकींना प्रमाण मराठीत लिहून दाखवलं होतं. त्यांनी मान हलवली. वाक्य बरोबर होतं, पण ते त्यांचं राहिलं नव्हतं.

दोन्ही एका फलकावर मिसळू नका. मालवणीचं लेखन ठरलेलं नाही, त्यामुळे गावातल्या दोन जुन्या माणसांना वाचायला द्या. ते न अडखळता वाचतील ते बरोबर.

शुद्धलेखनाला एवढं महत्त्व कशाला? भावना महत्त्वाची.

भावना महत्त्वाची आहे, म्हणूनच. चुकलेला शब्द आधी दिसतो आणि भावना नंतर. एका वर्षी आमच्या पुढच्या रांगेतल्या कापडी फलकावर 'पारंपारिक मच्छीमार' असं गेलं. तपासायचं काम माझं होतं आणि माझ्या नजरेतून ते सुटलं. शब्द 'पारंपरिक' असा आहे. फलक शिवणाऱ्या दोघींनी तीन रात्री जागून काढल्या होत्या, आणि लोक त्या एका काना-मात्रेबद्दल बोलत राहिले. तेव्हापासून रंग लावण्याआधी प्रत्येक मजकूर मी उलटा, शेवटच्या शब्दाकडून पहिल्याकडे वाचते. तसं वाचलं की अर्थ मध्ये येत नाही आणि अक्षर तेवढं दिसतं.

अक्षर किती मोठं काढायचं?

पाट्या रंगवणाऱ्यांचा एक ढोबळ हिशेब आहे: दहा फुटांवरून आरामात वाचायला एक इंच उंचीचं अक्षर. पन्नास फुटांवरून वाचायचं तर पाच इंच. पण हा हिशेब रोमन अक्षरांचा आहे. आपली उंची शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंत मोजा. वरची वेलांटी, मात्रा, रफार आणि खालचे उकार त्याच्या बाहेर. म्हणजे पाच इंचांच्या एका ओळीला प्रत्यक्षात आठ-नऊ इंच जागा लागते. नवशिके नेमके इथेच फसतात. वरच्या ओळीतला 'मूळ'चा ऊकार खालच्या ओळीतल्या 'र्की'च्या रफारावर आदळतो आणि दोन्ही शब्द वाचता येत नाहीत. दोन ओळींमध्ये निदान अर्ध्या अक्षराएवढी मोकळी जागा ठेवा.

दुसरी गोष्ट जाडीची. फलक ठळक दिसावा म्हणून सगळे जाड ब्रश घेतात. जाडी अक्षराच्या उंचीच्या साधारण पाचवा-सहावा भाग ठेवा. त्याहून जाड झालं की आतल्या मोकळ्या जागा बुजतात. 'ब'च्या पोटातली तिरकी रेघ बुजली की लांबून तो 'व' दिसतो आणि 'बंदर'चं 'वंदर' होतं. 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' यांचंही तसंच. 'निषेध' हा शब्दच घ्या. 'ध'च्या डोक्यावरची गाठ आणि तुटलेली शिरोरेषा नीट दाखवली नाही तर तो 'निषेघ' होतो. या जोड्या आधी वर्तमानपत्राच्या कागदावर दहा-दहा वेळा गिरवा.

शिरोरेषा आधी मारा. सुताराकडून दोरी आणा, तिला खडूची पूड लावा, दोन टोकांना ताणून धरा आणि मधून उचलून सोडा. सरळ रेघ उमटते. मग त्या रेघेला अक्षरं टांगायची. उत्तरेकडे सातपाटी-अर्नाळ्याला बोंबील वाळत घातलेले बघितले असतील, तशी. खालून वर अक्षर काढायला गेलात की ओळ वाकडी होणारच.

झालं की फलक भिंतीला टेकवा आणि तीस पावलं मागे जा. डोळे अर्धे मिटून बघा. नाहीतर मोबाइलवर फोटो काढून तो नखाएवढा करून बघा. त्यात वाचता आलं तर रस्त्यावरही येईल.

फ्लेक्स छापून घेतला तर? स्वस्त पडतो.

आमच्या प्रकल्पात नाही. १ जुलै २०२२ पासून १०० मायक्रॉनपेक्षा पातळ प्लास्टिकच्या आणि पीव्हीसीच्या बॅनरवर देशभर बंदी आहे, सजावटीच्या थर्माकोलवरही आहे. जाड फ्लेक्सवर ती बंदी नाही, पण किनाऱ्यासाठी लिहिलेला फलक उद्या त्याच किनाऱ्यावर न कुजता पडून राहणार असेल तर ते मला बघवत नाही. आणि कलेच्या अंगाने सांगायचं तर शंभर फ्लेक्स एकाच दुकानातून आलेले कळतात. शंभर हातांनी केलेले शंभर फलक म्हणजे शंभर माणसं स्वतःहून बसली, हे वाचायच्या आधीच दिसतं. वाकडं अक्षर असलं तरी चालेल. २०१८ मध्ये स्टॉकहोमला संसदेसमोर बसलेल्या ग्रेटा थुनबर्ग या शाळकरी मुलीच्या हाती पांढऱ्या फळीवर काळ्या रंगाने स्वतः लिहिलेली पाटी होती. ती फळी जगभर पोचली.

मग कशावर करू?

वाण्याकडचे खोके मागून आणा. आंब्याच्या हंगामात पुठ्ठ्याच्या पेट्या मिळतात, त्या तर उत्तम. एकच थर वाऱ्यात वाकतो, म्हणून दोन थर घ्या आणि आतल्या नळ्या एकात उभ्या, दुसऱ्यात आडव्या येतील असे चिकटवा. खळ घरी करा: दोन चमचे मैदा, वाटीभर पाणी, मंद आच, गुठळी होऊ न देता ढवळत राहायचं. जुनी माणसं कसर लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद घालत. ते विष आहे, मुलं असतील तर घालू नका.

मोठा फलक असेल तर मांजरपाट. आधी धुऊन त्याची कांजी काढा, नाहीतर रंग वर तरंगतो. लहान मुलांना मी पोफळीच्या विऱ्या, म्हणजे झावळीच्या बुडाची रुंद आवरणं, देते. रात्रभर पाण्यात भिजवून, जड पाट्याखाली दाबून वाळवल्या की सपाट होतात. त्यावर दोनच शब्द मावतात आणि मुलांना तेवढेच लागतात.

काठी कुठली घ्यावी?

माणगा जातीचा बांबू. आपल्या सिंधुदुर्गात बांधाबांधावर आहे, काटे नाहीत, भरीव असतो, सरळ वाढतो. अंगठ्याएवढा जाड, साडेतीन-चार फूट. फलकाचे दोन पुठ्ठे करून काठी मध्ये घाला, म्हणजे दोन्हीकडून लिहिता येतं. खिळे मारू नका. पुठ्ठा फाटतो, आणि खाऱ्या हवेत खिळा आठवड्यात गंजून तांबडे ओघळ सोडतो. भोकं पाडून सुतळीने बांधा.

पण एक ध्यानात ठेवा. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खाली जिल्ह्यात मनाई आदेश लागू असेल तर लाठ्याकाठ्या बाळगायला बंदी असते. सणवार, निवडणुका, मोर्चे अशा काळात असे आदेश निघत असतात. त्या दिवशी काठी काढून ठेवा आणि फलक छातीशी धरा, नाहीतर वरच्या दोन कोपऱ्यांना नाडी लावून गळ्यात घाला. माझ्या मते गळ्यातला फलक जास्त चांगला दिसतो. हात मोकळे राहतात आणि शब्द चेहऱ्याच्या जवळ येतात.

कुठले रंग टिकतात?

ॲक्रिलिक. वाळल्यावर पाण्याने जात नाही. शाळेतले पोस्टर कलर पहिल्या सरीत किंवा घामाच्या हातानेसुद्धा ओघळतात. तेलरंग पुठ्ठ्यात शोषला जातो आणि आपल्या दमट हवेत दोन दिवस चिकटच राहतो. लाकडाला आणि पाटीला मात्र तोच लावा. मोठा पांढरा भाग भरायचा असेल तर डिस्टेंपर स्वस्त पडतो.

इथल्या मातीतले रंग वापरून बघा असं मी आवर्जून सांगते. काव म्हणजे तांबडी माती, चुना, चुलीचं काजळ, आणि बांधणीला चिंचोक्याची खळ. आपल्या सावंतवाडीच्या गंजिफांच्या पत्त्यांना चिंचोक्याच्या खळीचाच थर असतो. काव आणि काजळ उन्हात उडत नाहीत. हळद उडते, आणि चुन्याला लागली की लाल होते. हा बदल मुद्दाम वापरता येतो: एका मुलीने हळदीने पिवळी केलेली भातशेती काढली आणि त्यावर चुन्याचं बोट फिरवून ती लाल केली. बिब्ब्याने मात्र कोणीही लिहू नका. डाग जात नाही हे खरं, पण अंगावर फोड येतात.

रंगांची जोडी दोनच ठेवा. पांढऱ्यावर काळा, पिवळ्यावर काळा, कावेवर पांढरा. निळ्यावर लाल अक्षर जवळून छान वाटतं आणि लांबून थरथरतं, वाचता येत नाही.

चित्र काढायलाच हवं का? आणि आवळलेली मूठ चालेल?

चित्र नसलं तरी चालतं. काढायचं तर एकच काढा, आणि तिसरीतलं मूल बघून पुन्हा काढू शकेल इतकं सोपं. १९५८ मध्ये इंग्लंडमधल्या अणुबॉम्बविरोधी मोर्चासाठी जेराल्ड होल्टम या चित्रकाराने एक गोल आणि आत तीन-चार रेघा असं चिन्ह केलं. जहाजावरून झेंड्यांनी निरोप द्यायची जी लिपी असते, तिच्यातली दोन अक्षरं एकावर एक ठेवून ते तयार झालं. पहिल्यांदा ते काठीला लावलेल्या गोल पुठ्ठ्यांवरच रस्त्यावर आलं. आज ते कोणीही, कुठेही, खडूने काढतं.

मुठीबद्दल माझं मत: ती सगळ्यांची झाली आहे, त्यामुळे तुमचं काही सांगत नाही. हातच काढायचा असेल तर जाळं ओढणारा काढा. रापण ओढताना दोर कमरेला घेऊन माणूस मागे कसा रेलतो ते किनाऱ्यावर जाऊन बघा, पाच मिनिटं बसून रेखाटनं करा. तो बाक कुठल्याही मुठीपेक्षा जास्त बोलतो.

चित्रं दाखवत गोष्ट सांगणाऱ्या पिंगुळीच्या चित्रकथीसारखी मोठ्या डोळ्यांची माणसं काढू का, असं कॉलेजची मुलं विचारतात. ती कला ठाकर समाजाने पिढ्यान्‌पिढ्या जपली आहे. परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली ती याच कामासाठी. पिंगुळीला जा, मूळ चित्रं बघा, त्या लोकांशी बोला. नुसते डोळे उचलून आणू नका.

एखाद्या माणसाचं नाव लिहू का?

नको. कृती लिहा. जात, शरीर, घरचे लोक यांवर एक अक्षरही नको, असा फलक मी सभागृहात घेत नाही. अजून एक सांगते. मोठ्या बोटींवरचे खलाशी हेही कुणाच्या तरी घरचे, पोटासाठी दूरवरून आलेले असतात. फलक वाचून त्यांना मारावंसं वाटायला नको, धोरण बदलावंसं वाटायला हवं.

परवानगी लागते का?

सभागृहातल्या प्रदर्शनाला सभागृहाची. रस्त्यावर उतरायचं असेल तर आधी पोलीस ठाण्यात लेखी कळवा. शांततेने, शस्त्राशिवाय एकत्र जमण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम १९ ने दिला आहे, त्यावर वाजवी बंधनंही त्याच कलमात आहेत. सरकारी भिंती, एसटीचे थांबे, विजेचे खांब यांवर फलक चिकटवू नका. मालमत्तेचं विद्रूपण रोखणारा १९९५ चा राज्याचा कायदा आहे.

मुलांच्या बाबतीत पालकांची लेखी संमती घेतो. आणि त्याहून कडक नियम आमचा आहे: फलकावरच्या वाक्याचा अर्थ मुलाने स्वतःच्या शब्दांत मला सांगितला पाहिजे. सांगता आला नाही तर ते वाक्य त्याच्या घरच्या मोठ्यांचं आहे, मग ते मोठ्यांनीच धरावं.

वाऱ्याने मोठा कापडी फलक हातात राहत नाही. काय करावं?

आधी वेळ बघा. सकाळी मतलई वारा हलका असतो, दुपारनंतर खारा वारा समुद्रावरून जोरात आत येतो. दुपारी कार्यक्रम असेल तर सलग कापड घेऊच नका. फलकाचं शीड होतं आणि चार माणसं मागे ढकलली जातात.

आमचा उपाय जाळ्याचा आहे. जुनं, वापरातून गेलेलं जाळं घ्या, मांजरपाटाची अक्षरं कापा आणि जाळ्यावर शिवा. वारा आरपार जातो, अक्षरं तेवढी हवेत तरंगताना दिसतात. अक्षराच्या कडा दुमडून शिवा, नाहीतर सुतं निघतात. 'ठ', 'छ' अशा गोलाकार अक्षरांना आतून दोन टाके जास्त घाला. या कामात चित्रकलेचा काही संबंध नाही, आणि आमच्याकडचे सगळ्यात देखणे फलक अशाच हातांनी केलेले आहेत ज्यांनी शाळा सोडल्यावर कधी ब्रश धरला नव्हता.

पावसाळ्यात का करत नाही?

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, त्या काळात लोकांना सवड असते हे खरं. पण कागद, पुठ्ठा, रंग काहीच वाळत नाही. त्या दोन महिन्यांत आम्ही मजकूर ठरवतो आणि जाळ्यांवरची शिवणं करून घेतो.

प्रदर्शनात फलक कसे मांडता?

फ्रेम करत नाही. काठीसकट, भिंतीला टेकवून, धरणाऱ्याच्या हाताच्या उंचीवर. मोर्चात जाऊन आलेल्या फलकावरची माती, घामाचे डाग, पडलेली घडी पुसायची नाही. शेजारी लहान चिठ्ठी: कोणी केला, कुठे धरला, किती वेळ. नाव लिहायचं नसेल तर 'मासे विकणारी, वय ५४' एवढंही चालतं. आणि चार-पाच फलक असे ठेवतो की बघायला आलेल्यांनी ते उचलून धरावेत. लोक आधी लाजतात, मग धरतात, आणि धरल्यावर आपोआप सरळ उभे राहतात.

माझा फलक परत मिळेल का?

हो. फलक करणाऱ्याचा. ठेवायचा असेल तर फडताळात कडुनिंबाचा पाला घालून सपाट ठेवा, भिंतीला लावलात तर पावसाळ्यात बुरशी येईल. नको असेल तर पुठ्ठा माडाच्या आळ्यात जातो आणि कापडाच्या पिशव्या होतात.

काकींची पाटी मला सभागृहात कायमची ठेवायची होती. मी तसं विचारलंही. त्या म्हणाल्या, "बाई, उद्या लिलावाक काय घेवन जाव?" प्रदर्शन संपलं त्याच संध्याकाळी त्या ती घेऊन गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बंदरावर गेले तेव्हा पाटी वाळूत होती, आत बर्फ आणि थोडी सौंदाळी. काकींनी ती उचलून डोक्यावर घेतली, तेव्हा मागून येणाऱ्या बायकांना तळावरचं काहीच दिसत नव्हतं. बाजारात पोचल्यावर मासळी विकून झाली, पाटी पालथी पडली, आणि समोरच्या चहावाल्याने मोठ्याने वाचलं.